कूलरजवळची कुंडी

चंद्रपुरात उन्हाळ्यात घरातलं कांद्याचं फूलझाड गेलं की दोष उन्हाच्या नावावर जातो. मी उपसलेल्या मेलेल्या कुंड्यांमधली पुष्कळशी झाडं मात्र पाण्यानं गेलेली होती. पारा सेहेचाळीसच्या वर चढला की माणूस स्वतः घटाघटा पाणी पितो आणि येता-जाता तांब्याभर कुंडीतही ओततो. त्यात वाईट काही नसतं, असलीच तर माया असते. पण फुटबॉल लिली काय किंवा अ‍ॅमरिलिस काय, ही मंडळी आपली शिदोरी कांद्यात बांधूनच आलेली असतात. झोपलेल्या कांद्याला रोज पाजत राहिलं की आत कुजायला लागतं, आणि त्याची पहिली वर्दी देतात ती चिलटं.

माझी मूल रोडला लहानशी नर्सरी आहे. त्याशिवाय लोकांच्या घरच्या, दवाखान्यांतल्या, शाळा-कार्यालयांतल्या कुंड्यांची देखभाल मी ठरवून घेते. चंद्रपूर, बल्लारपूर, मूल आणि व्याहाडच्या पुढचा वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली, एवढा माझा टापू. त्याआधी वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजीनं होते. पॉलिथिनच्या पिशव्यांत माती भरायची, सागाच्या जड्या कापायच्या, गादीवाफ्यावर झारीनं पाणी मारायचं. चिलटं तिथंही असायची. पावसाळ्याच्या तोंडाला वाफ्यावर काळसर धुरळा उठल्यागत उठायची आणि परत बसायची. पण त्यांच्यासाठी कोणी औषध आणल्याचं मला आठवत नाही. मुकादम वाफ्यात बोट खुपसून बघायचा आणि म्हणायचा, "आज पानी नको टाकू वं." उपाय तेवढाच. हजारो रोपं जिथं जगवायची असतात तिथं एकेका माशीमागं धावायला सवड कोणाला असते?

घरच्या कुंडीचं तसं नसतं. तिथं कुंडी एकच असते आणि तिच्याकडं बघणारे डोळे चार.

मला येणारा फोन बहुतेक वेळा ठरलेला असतो. "ताई, कुंडीतून मच्छर निघून राहिले. डेंग्यूचे तर नाही न जी?" पुण्या-मुंबईचा माणूस कदाचित हसेल. आमच्याकडं हसता येत नाही. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिला आहे. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडच्या गावांत औषधी मच्छरदाण्या वाटतात, घरं फवारतात, डबक्यांत गप्पी मासे सोडतात. ज्या घरात कोणी ना कोणी हिवतापानं फणफणलेलं आहे, तिथं उडणारा प्रत्येक बारीक जीव संशयित असतो. म्हणून मी आधी भीतीचं बघते, झाडाचं मागाहून.

कुंडीच्या काठावर टिचकी मारायची. चिलटं असतील तर वीतभर उठतात, दिशा हरवल्यासारखी वेडीवाकडी भिरभिरतात आणि परत मातीवर उतरून तुरुतुरु पळायला लागतात. लांब उडायची त्यांना ताकदच नसते. अंगानं दोन-तीन मिलिमीटर, काळी-राखाडी, पाय लांब. चावायचं तोंडच त्यांना दिलेलं नाही. डास असा मातीवर धावत नाही. तो भिंतीला, पडद्याला, कपाटामागच्या अंधाराला धरून बसतो. एवढं दाखवलं की घरातल्या आजीचा चेहरा निवळतो. मग मी कुंडीखालची ताटली ओढते आणि मोबाइलचा उजेड त्यात टाकते. तिथं पुष्कळदा डासाच्या अळ्या वळवळत असतात, आणि डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणजे वरच्या मातीत निरुपद्रवी चिलटं आणि खालच्या ताटलीत खरा वैरी. पाणी दोघांना एकाच तांब्यानं घातलेलं. आजीचा चेहरा परत उतरतो, पण निदान योग्य जागी उतरतो.

मातीतला चिलटांचा संसार बघायचा असेल तर बटाटा लागतो. सालासकट चकती कापायची, बोटाएवढी जाड, आणि ओल्या मातीवर दाबून ठेवायची. दोन दिवसांनी उलटायची. मी हे गिऱ्हाइकाच्या समोर करते, कारण सांगून जे पटत नाही ते चकती पटवते. चकतीच्या खालच्या अंगाला पाच-सहा मिलिमीटरच्या अळ्या चिकटलेल्या असतात. अंग पांढुरकं, आरपार दिसणारं, इतकं की पोटातली खाल्लेल्या मातीची काळी रेघ मोजता यावी, आणि टोकाला चकचकीत काळं डोकं. उजेड लागला की त्या हळूच वळतात आणि बटाट्यात घुसायला बघतात. पहाटे नीट पाहिलं तर मातीच्या पापुद्र्यावरही त्यांच्या चालण्याचे चिकट माग चमकतात. या अळ्यांचं मुख्य खाणं बुरशी आणि कुजका पालापाचोळा. ते संपलं, किंवा त्या फार झाल्या, की कोवळ्या मुळांकडं वळतात. धडधाकट, कडक कांद्याला त्या सहसा हात लावत नाहीत. कांद्याचं बूड नरम पडलं, पापुद्र्यात सड शिरली, की मग त्या आत शिरतात आणि बाहेरून आलेला माणूस म्हणतो, "किड्यांनी कांदा खाल्ला." किडे नंतर आलेले असतात. एक मात्र खरं, की ही चिलटं एका कुंडीतली बुरशी पायांना लावून दुसऱ्या कुंडीत नेतात. म्हणून सडकी कुंडी रांगेतून आधी बाजूला काढते.

अंड्यापासून उडत्या चिलटापर्यंत तीन-चार आठवडे जातात. उडायला लागल्यावर ते जेमतेम आठवडाभर जगतं, पण तेवढ्यात मादी शे-दीडशे अंडी मातीच्या भेगांत ठेवून जाते. हे गणित गिऱ्हाइकाला समजावणं हेच माझ्या कामातलं सगळ्यात किचकट काम. आज पाणी तोडलं तर उद्या चिलटं जात नाहीत. मातीत आधीच कोषात बसलेली असतात, ती वेळ झाली की बाहेर येतातच. चौथ्या दिवशी फोन येतो, "तुमच्या उपायानं काही फरक नाही पडला." फरक मातीत पडलेला असतो, हवेत दिसायला वेळ लागतो.

आता कूलरबद्दल. विदर्भाबाहेरच्या माणसाला आमचा कूलर नीट कळत नाही. होळी झाली की गच्चीवरून, अडगळीतून तो लोखंडी पेटारा खाली येतो, नवी खस भरली जाते, खिडकीला बसतो आणि पाऊस लागेपर्यंत रात्रंदिवस घरघरतो. मे महिन्यात बाहेरच्या उघड्या कुंडीत तुम्हाला चिलटं सापडणार नाहीत. त्या उन्हात त्यांची अंडी-अळ्या भाजून निघतात. सापडतात ती कूलरच्या खोलीत. तिथं हवा गार आणि दमट, उजेड मंद, माती कधी सुकत नाही. शिवाय आमच्याकडची काटकसर अशी की कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी फेकवत नाही, ते कुंडीत जातं. कुंड्याही उन्हापासून वाचवायच्या म्हणून आत आणून कूलरच्या झोतातच मांडलेल्या. जिवाच्या आकांतानं जपलेली खोली, आणि चिलटांना नेमकी अशीच हवी असते.

यात फुटबॉल लिलीची फार दैना होते. हिला बरेच जण मे फ्लॉवर म्हणतात. मूळची आफ्रिकेची, पण आमच्या हवामानाशी तिचं जमलेलं आहे. दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात, झडतात आणि कुंडी रिकामी दिसायला लागते. मग नवतपा तापत असताना किंवा पहिला वळीव पडला की मातीतून एकदम जाड दांडा निघतो आणि त्यावर लाल भडक गोळा फुलतो. पानं त्यानंतर. मधल्या सहा महिन्यांत तिला पाण्याची गरज जवळजवळ नसते. नेमक्या त्या सहा महिन्यांत लोकांना वाटतं की झाड मेलं, निदान मरायला टेकलं, आणि ते रोज पाणी घालून त्याला परत बोलावत बसतात. मार्च-एप्रिलपर्यंत कांदा हिंगासारखा वास मारायला लागतो. चिलटं तोवर घरभर झालेली असतात, चहाच्या कपात सुद्धा.

झोपलेल्या कांद्याला पाणी न पाजणं हे जंगलातनं शिकण्यासारखं आहे, असं मी म्हणते तेव्हा लोकांना वाटतं ताई आता प्रवचन देणार. प्रवचन नाही. मूलहून गडचिरोलीकडं जाताना श्रावणात बघा, बांबूच्या रांजीवर, कुंपणावर कळलावी चढलेली असते, लाल-पिवळ्या ज्वाळांची फुलं घेऊन. झाडांखाली रानहळदीचे तुरे असतात. दिवाळी सरली की या दोघींचा मागमूस उरत नाही. कळलावीचा कंद, रानहळदीचे गड्डे सगळा उन्हाळा जमिनीत कोरडे पडून असतात. वरचा पाचोळा पेटतो, मोहफुलं वेचणाऱ्यांचे पाय त्यावरून जातात, माती तडकते. त्यांना कोणी पाणी पाजायला जात नाही आणि मृगाचा पाऊस झाला की त्या हजर होतात. कुंडीतली आफ्रिकेची लिली याच गोत्राच्या सवयीची आहे. निशिगंध मात्र वेगळा. त्याचे कांदे आम्ही एप्रिल-मेमध्ये लावतो आणि वाढीच्या दिवसांत त्याला ओल लागते. त्याची झोप थंडीतली. म्हणून "कांद्याला पाणी कमी" असा एकच कागद मी कोणाला लिहून देत नाही. कुठला कांदा कधी झोपतो, हे विचारून घ्यावं.

पाणी द्यायचं की नाही हे मी हातानं ठरवते. कुंडी एका बाजूनं उचलून बघायची, हलकी लागली तरच विचार करायचा. दुसरं साधन बांबूची काडी. बुरडाकडच्या कामानंतर उरलेल्या बारीक काड्या माझ्याकडं गठ्ठ्यानं असतात. काठाला लागून ती खोल खुपसायची, थोडा वेळ ठेवायची, काढायची. काडी काळपट होऊन माती चिकटली तर तांब्या ठेवून द्यायचा. वरची दोन बोटं माती पूर्ण सुकू दिली की अंडी आणि लहान अळ्या तिथंच मरतात, कारण त्या राहतात वरच्या थरात. मुळं खाली असतात, त्यांना खालची ओल पुरते.

घरात हे जमतं. कार्यालयात जमायला वर्ष लागलं. गडचिरोलीतल्या एका कार्यालयाच्या लांबलचक व्हरांड्यात अ‍ॅमरिलिसच्या कुंड्यांची रांग आहे. तिथले शिपाईभाऊ भला माणूस. सकाळी झेंडा, मग माठ, मग कुंड्या, असा त्यांचा क्रम. मी म्हटलं, "भाऊ, आठवड्यातून एकदाच पाणी." ते म्हणाले, "ताई, साहेब सकाळी फेरी मारते. माती सुकली दिसली तर मलेच विचारते, काहून पाणी नाही टाकलं म्हणून." यावर कीटकशास्त्रात उत्तर नाही. रोज पाणी घालणं हे तिथं कामाचं चिन्ह आहे; सुकी माती म्हणजे हलगर्जीपणा. शेवटी मी दोन गोष्टी केल्या. मातीवर जाड रेतीचा बोटभर थर दिला. रेती वरून सुकीच दिसते, तेव्हा सुकं दिसण्याचा आरोप तिच्यावर जातो, भाऊंवर येत नाही. आणि भाऊंना रोजचं दुसरं काम दिलं: ओल्या फडक्यानं पानं पुसायची आणि ताटल्या उपड्या करायच्या. साहेबांना सकाळी हिरवीगार चमकती पानं दिसायला लागली. पाण्याचा विषय आपोआप मागं पडला.

जाड रेतीचा दुसरा फायदा असा, की तिच्यात ओल टिकत नाही आणि चिलटाच्या मादीला अंडी घालायला जागा मिळत नाही. नदीची खडबडीत रेती हवी, गिलाव्याची मऊ नको. पण आजकाल रेतीचं नाव काढलं की लिलाव, ट्रॅक्टर, तलाठी असा सगळा फौजफाटा डोळ्यांपुढं येतो. दोन घमेल्यांसाठी बांधकामाच्या मालकाची मनधरणी करावी लागते.

औषधाचा मोह सगळ्यांनाच होतो. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, राजुरा-कोरपना-वरोऱ्याकडं कपाशीचा पट्टा आहे. कोणाच्या ना कोणाच्या घरी शेतातलं उरलेलं औषध असतंच. "दोन थेंब टाकू का?" असं विचारणारे तरी बरे. न विचारता टाकणारे अधिक. झोपायच्या खोलीतल्या कुंडीत, कूलर चालू असताना, शेतातलं विष! २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते उघड्या शिवारात होते. बंद खोलीचा विचार करा. थिमेट म्हणून ओळखलं जाणारं फोरेट आणि घरात माश्यांवर सर्रास शिंपडलं जाणारं डायक्लोरव्हॉस, दोन्हींवर केंद्र सरकारनं २०२० च्या अखेरीपासून बंदी आणली. तरी जुने डबे माळ्यावर निघतात. मी ते बघितले की हात न लावता आधी मुलांना बाहेर काढते.

निंबोळी पेंडीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक ती पसाभर मातीवर पसरतात आणि वरून पाणी देतात. ओली पेंड वर राहिली की तिच्यावर पांढरी बुरशी धरते, आणि बुरशी म्हणजे चिलटांचं जेवण. पेंड घालायची तर चिमूटभर, कांदे बदलताना, कोरड्या मातीत मिसळून. अर्धवट कुजलेल्या शेणखताचंही तेच. खड्ड्यातून उकरलेलं, अजून गरम असलेलं शेणखत कुंडीत घालणं म्हणजे चिलटांना आमंत्रणपत्रिका देणं. हातात घेऊन चोळलं की भुसभुशीत व्हावं आणि शेणाचा वास येऊ नये, तेच खत खरं.

पिवळे चिकट सापळे कपाशीवाल्यांना पांढऱ्या माशीमुळं माहीत आहेत. कृषी केंद्रात मिळतात. मी त्यांचे हातभर तुकडे न लावता बोटाएवढे कापून काडीला टोचते, मातीच्या अगदी जवळ, कारण चिलटं वर उडतच नाहीत. नाही मिळाले तर पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासलं तरी चालतं. सापळ्यानं चिलटं संपत नाहीत. त्यावर मी मोजणी करते. गेल्या खेपेपेक्षा कमी चिकटली तर माती सुकते आहे, जास्त चिकटली तर कोणीतरी चोरून पाणी घालतं आहे. एका घरी असं आजोबा सापडले.

फारच झालं तर शेवटी जिवाणूचं औषध. बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा इस्रायलेन्सिस हा प्रकार १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. डासांच्या अळ्या मारण्यासाठी जगभर वापरतात, आपल्याकडच्या हिवताप-डेंग्यूच्या कार्यक्रमातही तो आहे. अळीनं खाल्ला की तिचं आतडं फाटतं. माणसाला, गांडुळाला, मधमाशीला त्याचं काही नाही. चिलटांच्या अळ्याही त्याला बळी पडतात. पाण्यात कालवून मातीत द्यायचा, आणि आठवड्याच्या अंतरानं पुन्हा, कारण अंड्यांवर आणि कोषांवर त्याचा काही परिणाम होत नाही. पण तो द्यायचा म्हणजे परत पाणीच द्यायचं. म्हणून मी तो वाढीतल्या निशिगंधाला देते, झोपलेल्या लिलीला नाही.

सडलेला कांदा वाचवता येतो, बूड शाबूत असेल तर. कुंडी उपडी करते, माती झटकते, कांदा धुते. नरम पापुद्रे नखानं निघून येतात. कडक पांढरा गाभा लागेपर्यंत सोलत जायचं. सुरीनं तपकिरी भाग कापला की दर वेळी पातं पुसायचं. मग राख चोळून दोन-चार दिवस सावलीत, बारदानावर. कूलरच्या खोलीत नव्हे. जुनी माती कुंड्यांत परत भरायची नाही. ती गच्चीवर ताडपत्रीवर पातळ पसरली की चंद्रपूरचं ऊन तिचा निकाल लावतं. फुकटचं इतकं प्रखर ऊन आणखी कुठल्या कामाला येणार?

ऑनलाइन मागवलेले ट्युलिपचे कांदे घेऊनही लोक येतात. त्यांना मी फुलदाणीतली ट्युलिप घ्या म्हणते. त्या झाडाला थंडीचे आठवडेच्या आठवडे लागतात, फ्रीजमध्ये ठेवून एकदा फूल आलं तरी पुढच्या वर्षी येत नाही, आणि तोवर कुंडीत चिलटांचं घर झालेलं असतं.

सध्या माझं रेतीवाचून काय भागेल ते बघणं चालू आहे. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी हा धानाचा पट्टा, गिरण्यांची कमी नाही. कोंड्याला आता भाव आला आहे, पण भट्टीतून निघणारा काळा, अर्धवट जळालेला कोंडा गिरणीवाल्याच्या डोक्याला तापच असतो. त्याचा बोटभर थर मातीवर दिला तर तो रेतीइतकाच सुका राहतो, वजनाला काहीच नाही, आणि चिलटं त्यावर बसत नाहीत असं निदान माझ्या शेडमधल्या कुंड्यांत दिसतं. उघड्यावर मात्र पहिल्याच सरीत तो तरंगून कुंडीबाहेर जातो आणि फरशी काळी करतो, म्हणून व्हरांड्यातल्या आणि घरातल्या कुंड्यांपुरताच. मूलच्या एका गिरणीवाल्याला मी दोन पोती मागितली. तो म्हणाला, "फुकट न्या ताई. पन नेता तं सारी न्या, दोन पोत्यांसाठी माझा मानूस नाही लावत मी." आता छोटा हत्ती सांगितला आहे आणि बाकीची पोती ठेवायला शेडच्या मागं जागा करते आहे.